सतरा रुग्णांचा धोका

१९६३ साली श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, वर्षभरात हिवतापाचे फक्त १७ रुग्ण सापडले. त्यांतले ११ आजार बाहेरून घेऊन आलेले. याच बेटावर १९३४-३५ च्या साथीत काही महिन्यांत सुमारे ८० हजार माणसे दगावली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या वेळच्या आखणीत मोहिमेचे टप्पे ठरलेले होते. आधी घरोघर डीडीटी मारून हल्ला, मग मिळवलेले पक्के करणे, मग नुसती देखरेख. १७ रुग्ण म्हणजे हल्ला संपला, असा अर्थ लावला गेला आणि १९६४ मध्ये फवारणी थांबली. पुढची दोन-तीन वर्षे काहीच घडले नाही, आणि काही घडत नाही म्हणून देखरेखही सैल पडली. मग पाऊस रुसला. नद्या आटून पात्रात डबकी उरली, रत्ने शोधायला रानात जमलेल्या लोकांनी खणून सोडलेल्या खड्ड्यांत पाणी साचले. १९६९ साली नोंदलेल्या रुग्णांची संख्या ५ लाखांच्या वर गेली होती.

मलेरियावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ही हकीकत तोंडपाठ असते. तरीही पैसे वाटणाऱ्यांच्या टेबलावर ती पोहोचत नाही, आणि पोहोचली तरी जुन्या काळातली चूक म्हणून बाजूला ठेवली जाते. माझे म्हणणे असे की ती चूक आपण अजून करतो आहोत. हिवतापाचा खरा धोका रुग्ण लाखांनी असतात तेव्हा नसतो. तेव्हा दवाखाने भरलेले असतात, वर्तमानपत्रांत मथळे येतात, दाते येतात, मंत्री येतात. धोका असतो तो आकडा खाली आल्यावर. कारण पैसा रुग्णांच्या मागे चालतो, आणि रुग्ण कमी झाले की तोही निघून जातो. डास मात्र तिथेच राहतात.

हे केवळ एका बेटाचे दुर्दैव नव्हे. २०१२ साली 'मलेरिया जर्नल'मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. १९३० च्या दशकापासून ६१ देशांत हिवताप आटोक्यात येऊन पुन्हा उसळल्याच्या ७५ घटना त्यात तपासल्या होत्या. त्यांपैकी ६८ घटनांमध्ये नियंत्रणाचे काम ढिले पडणे हे निदान एक कारण होते, आणि काम ढिले पडण्यामागे सर्वांत जास्त वेळा पैशांची टंचाई होती. औषधाला न जुमानणारे परजीवी आणि कीटकनाशकाला सरावलेले डास यांची चर्चा आपण पुष्कळ करतो. ती करायलाही हवी. पण बंद झालेल्या अनुदानाने त्यांच्यापेक्षा जास्त नुकसान केले आहे.

आपल्या देशाचा हिशेब तर श्रीलंकेहून मोठा. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. डीडीटीचा पद्धतशीर वापर देशात जिथे आधी झाला त्यांत मुंबई प्रांत होता. १९४० च्या दशकाच्या मध्यात डॉ. डी. के. विश्वनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारवार-धारवाडकडच्या गावांत फवारणी करून दाखवली, आणि त्या अनुभवाच्या आधारावर १९५३ चा राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. पाचच वर्षांत त्याचे नाव 'निर्मूलन कार्यक्रम' झाले. १९६५ पर्यंत रुग्ण १ लाखाच्या आसपास आले. मग यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेच्या गळ्यात टाकली गेली, ती सेवा खेड्यांत नीट उभीच नव्हती. डीडीटीचा पुरवठा वेळेवर होईना. शहरांकडे तर सुरुवातीपासून कोणी पाहिले नव्हते. १९७६ साली नोंदलेले रुग्ण ६४ लाखांच्या वर गेले. निर्मूलनाच्या नावाने चाललेल्या कार्यक्रमाला १९७७ मध्ये 'सुधारित कार्ययोजना' असे सौम्य नाव देऊन माघार घ्यावी लागली.

जागतिक मोहिमेचे तेच झाले. १९५५ मध्ये मेक्सिको सिटीत जागतिक आरोग्य परिषदेने निर्मूलनाचा ठराव केला, १९६९ मध्ये बॉस्टनला तो गुंडाळला. मधल्या चौदा वर्षांत युरोपातून आणि इतर काही प्रदेशांतून हिवताप गेला, हे यश लहान नाही. पण सर्वांत जास्त आजार होता त्या उष्ण कटिबंधातल्या आफ्रिकेला या 'जागतिक' मोहिमेने जवळजवळ वगळलेच होते. बहुतेक पैसा अमेरिकेचा होता. तो पाच वर्षांच्या मुदतीच्या भाषेत मंजूर झाला होता आणि १९६३ नंतर आटला. पाच वर्षांत संपेल असे सांगून पैसा मागितला, की सहाव्या वर्षी तो मागायला तोंड राहत नाही.

दुसरी लाट १९९८ नंतरची. 'रोल बॅक मलेरिया' भागीदारी, एड्स, क्षय आणि हिवतापासाठी २००२ मध्ये उभा राहिलेला जागतिक निधी म्हणजे ग्लोबल फंड, २००५ मध्ये जॉर्ज बुश यांनी जाहीर केलेला अमेरिकी अध्यक्षांचा मलेरिया उपक्रम. औषध भारलेल्या मच्छरदाण्या, आर्टेमिसिनिनवर आधारलेली औषधे, गावातच एका थेंब रक्तावर निदान करणारी पट्टी. आफ्रिकेत या वेळी खरोखर काम झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २००० पासून २०२३ पर्यंत १ कोटी २७ लाख मृत्यू टळले. परदेशी मदत म्हणजे सगळा पैसा पाण्यात, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा शांतपणे वाचावा.

पण २०१५ च्या आसपास गाडी थांबली. २०२३ मध्ये जगात २६ कोटी ३० लाख रुग्ण आणि ५ लाख ९७ हजार मृत्यू झाले. त्यांतले ९५ टक्के मृत्यू आफ्रिका विभागात, आणि तिथे मेलेल्यांत दर चारांपैकी तीन पाच वर्षांखालची मुले. त्या वर्षी गरज होती ८.३ अब्ज डॉलरची, मिळाले ४ अब्ज. हे आकडे मोठे वाटतात म्हणून रुपयांत मांडतो. साऱ्या जगाची हिवतापाची गरज साधारण ७० हजार कोटी रुपये होते. मुंबई महानगरपालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींचा आहे. एका शहराच्या पालिकेचा वर्षाचा खर्च जगाला सहा लाख जिवांसाठी जमवता येत नाही, त्याच्या निम्म्यावर भागवावे लागते.

आणि मग २०२५ उजाडले. जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, १ जुलैला ती मदत वाटणारी यूएसएड ही सरकारी संस्थाच बंद झाली. २०१० ते २०२३ या काळात हिवतापावरच्या जगातल्या खर्चापैकी एक तृतीयांशाहून जास्त वाटा एकट्या अमेरिकेचा होता. ग्लोबल फंडाला पुढच्या फेरीसाठी १८ अब्ज डॉलर हवे होते. नोव्हेंबरमध्ये जोहान्सबर्गला सुमारे साडेअकरा अब्जांचीही आश्वासने पूर्ण मिळाली नाहीत. ब्रिटननेही आधीपेक्षा हात आखडला. या वेळी पैसा रुग्ण कमी झाले म्हणूनही गेलेला नाही. तो देणाऱ्याची मर्जी फिरली म्हणून गेला आहे. ज्या सेवेवर मुलांचे जीव अवलंबून आहेत ती दुसऱ्या देशाच्या निवडणुकीवर टांगलेली असते, हे यातून सगळ्यांना दिसले.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मला अर्धा मान्य आहे. अमेरिकी करदात्याने नायजेरियातल्या मच्छरदाण्यांचा खर्च किती काळ करायचा? आफ्रिकी देशांच्या नेत्यांनी २००१ मध्ये अबुजाला अर्थसंकल्पाच्या १५ टक्के आरोग्यावर खर्च करण्याचा शब्द दिला होता, तो बहुतेकांनी पाळलेला नाही. नायजेरियात तेलाचा पैसा आहे आणि जगातल्या हिवतापाच्या मृत्यूंपैकी जवळजवळ एक तृतीयांशही तिथेच होतात, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मदत थांबल्यावर नायजेरियाच्या संसदेने २०२५ च्या अर्थसंकल्पात आरोग्यासाठी २० कोटी डॉलर वाढवून दिले. म्हणजे देता येत होते! तरीही आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग मला पटत नाही. आपले पैसे उभे करायला सवड लागते. दहा वर्षांत हळूहळू कमी होणारी मदत आणि एका रात्रीत थांबलेली मदत यांत फरक असतो. मधल्या पावसाळ्यात जी मुले मरतात ती अर्थमंत्र्यांची नसतात.

माझा रोख दात्यांच्या मनापेक्षा त्यांच्या नियमांवर आहे. देशाचे उत्पन्न वाढले आणि आजाराचा भार कमी झाला, की आंतरराष्ट्रीय निधीसाठीची पात्रता जाते. कागदावर हे न्याय्य दिसते. जिथे जास्त मरतात तिथे पैसा जावा, याला कोण नाही म्हणेल? पण हिवतापात 'कमी रुग्ण' ही काही मिळकत नाही, तो रोज भरायचा हप्ता आहे. देवीचा रोग संपला तो संपला, कारण लस एकदा टोचली की बराच काळ टिके, रोगी चेहऱ्यावरून ओळखू येई आणि मध्ये डास नव्हता. हिवतापात अंगात परजीवी घेऊन हिंडणाऱ्या माणसाला ताप असेलच असे नाही. व्हायव्हॅक्स प्रकारात तर परजीवी यकृतात दडून बसतो आणि काही महिन्यांनी पुन्हा वर येतो. त्यासाठी प्रायमाक्वीनच्या गोळ्या चौदा दिवस घ्याव्या लागतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर, बांधकामावरची मजुरी बुडवून, उरलेले अकरा दिवस गोळ्या घेणारा मजूर किती जणांनी पाहिला आहे?

म्हणून पैसे वाटताना आज किती रुग्ण आहेत यापेक्षा, काम थांबले तर किती होऊ शकतात, हे धरायला हवे. जिथे डास आहे, हवामान आहे आणि माणसांची ये-जा आहे, तो प्रदेश शून्यावर असला तरी जोखमीचाच. शेवटच्या स्थानिक रुग्णानंतर निदान दहा वर्षे देखरेखीचा पैसा कमी करायचा नाही, अशी अट मदतीच्या करारातच असावी, आणि त्या दहा वर्षांत त्या देशाने हा खर्च टप्प्याटप्प्याने स्वतःच्या तिजोरीतून उचलावा. मच्छरदाण्या, लसी आणि औषधे एकगठ्ठा खरेदी करणे हे आंतरराष्ट्रीय संस्थांनी करत राहावे, तिथे त्यांच्यामुळे भाव उतरतात. पगार मात्र त्या-त्या देशाचेच हवेत. सूक्ष्मदर्शकापाशी बसणाऱ्या माणसाचा पगार वॉशिंग्टनहून येत असेल तर तो केव्हा थांबेल हे त्याच्या जिल्ह्यातल्या कोणालाही माहीत नसते.

हे जमते का? श्रीलंकेनेच दुसऱ्यांदा जमवून दाखवले. १९९९ मध्ये तिथे अडीच लाखांहून जास्त रुग्ण होते आणि उत्तर-पूर्वेत यादवी युद्ध चालू होते. तरी दोन्ही बाजूंनी हिवतापाच्या पथकांना बऱ्याच अंशी काम करू दिले. फवारणी आता सरसकट न करता जिथे गरज तिथे केली, फिरत्या दवाखान्यांनी ताप नसलेल्यांचेही रक्त तपासले. शेवटचा स्थानिक रुग्ण ऑक्टोबर २०१२ मध्ये सापडला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये मलेरियामुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. खरी परीक्षा त्यानंतरची. २०१८ च्या अखेरीस भारतातून आलेल्या एका कामगाराला हिवताप होता आणि त्याच्यापासून तिथल्या एका स्थानिकाला लागण झाली. या वेळी यंत्रणा जागेवर होती. दोघांवर उपचार झाले, आसपासच्या वस्तीत तपासणी झाली, डासांवर उपाय झाले आणि साखळी तिथेच तुटली. या प्रसंगाची बातमी कुठे मोठी झाली नाही. तशी ती होणारही नव्हती, कारण काही घडलेच नाही.

चीनने हेच काम नियमात बसवले. रुग्ण सापडला की एका दिवसात नोंद, तीन दिवसांत त्याला लागण कुठे झाली याचा तपास, सात दिवसांत त्या ठिकाणी उपाय. १९४० च्या दशकात तिथे वर्षाला ३ कोटी रुग्ण असत. जून २०२१ मध्ये चीन मलेरियामुक्त ठरला. त्यांची राज्यपद्धती आपल्याला नको असेल, पण एक-तीन-सात हा हिशेब कोणत्याही पंचायत समितीला झेपण्यासारखा आहे.

इजिप्त, केप व्हर्दे, सुरीनाम, तिमोर-लेस्ते असे एकेक देश अलीकडे या यादीत आले. त्याच वेळी उलट दिशेनेही काही घडते आहे, आणि त्यात आपल्याकडचा एक प्रवासी आहे. ॲनोफेलीस स्टिफेन्सी हा डास मूळचा दक्षिण आशियाचा. मुंबईत इमारतींवरच्या झाकण नसलेल्या टाक्यांत आणि विहिरींत वाढतो तो हाच. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापावर अहवाल दिला तेव्हा बोट विहिरींकडेच दाखवले होते, आणि त्यावरून शहरात बराच वाद झाला, कारण विहिरी बुजवणे वा झाकणे धार्मिक भावनांच्या आड येत होते. हा डास २०१२ मध्ये जिबूतीत सापडला. त्या वर्षी तिथे हिवतापाचे २७ रुग्ण होते. २०२० मध्ये ७३ हजार. आफ्रिकेतला हिवताप आजवर मुख्यतः खेड्यांचा होता; शहरी टाकीत वाढणारा डास तिथे पसरला तर मच्छरदाण्यांची सारी आखणी नव्याने करावी लागेल. जिबूतीही त्या वेळी निर्मूलनाच्या उंबरठ्यावर असलेला देश म्हणून गणला जात होता.

लसीबद्दल बोलल्याशिवाय मराठी वाचक मला सोडणार नाही, कारण ती पुण्याची आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली आणि सीरम इन्स्टिट्यूट बनवत असलेली आर-ट्वेंटीवन लस ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली. जुलै २०२४ मध्ये कोत दिव्वारमध्ये ती द्यायला सुरुवात झाली. जीएसके या औषध कंपनीची आधीची लस २०१९ पासून घाना, केनिया आणि मलावीत दिली गेली, तिथे लसपात्र वयाच्या मुलांचे मृत्यू १३ टक्क्यांनी घटले. स्वस्त, भरपूर बनवता येणारी दुसरी लस हाताशी आली ती पुण्यामुळे, याचा अभिमान वाटायला काहीच हरकत नाही. पण ही लस म्हणजे शेवट, असा जो सूर आपल्याकडच्या बातम्यांत लागला तो खरा नव्हे. चार मात्रा द्याव्या लागतात, संरक्षण पूर्ण नाही आणि काळानुसार ते उतरते. ती लहान मुलांना मरणापासून वाचवते. डासाकडून माणसाकडे आणि माणसाकडून डासाकडे चाललेली ये-जा ती एकटी थांबवू शकत नाही. शिवाय ती हिवतापाच्या फॅल्सिपॅरम या जास्त जीवघेण्या प्रकारावरची आहे, व्हायव्हॅक्सवर तिचा उपयोग नाही, आणि तिची शिफारस प्रादुर्भाव जास्त असलेल्या भागांतल्या मुलांसाठी आहे. पुण्यात बनणारी ही लस आज गडचिरोलीच्या कामाची नाही.

औषधांचीही मुदत चालू आहे. क्लोरोक्वीनला दाद न देणारा परजीवी १९५० च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडिया सीमेवर दिसला आणि पुढे आफ्रिकेत पोहोचला. आर्टेमिसिनिनबाबत तशीच लक्षणे आधी कंबोडियात आणि आता रवांडा, युगांडा, टांझानिया, एरिट्रियात आढळली आहेत. नवी औषधे येतील. पण त्यांना लागणारी वर्षे मोजली तर आहे ते औषध जपून वापरणे, म्हणजे निदान करून, पूर्ण मात्रेत, वेळेवर देणे, हेच तूर्त हातात आहे. आणि तेही पुन्हा गावातल्या माणसाचेच काम.

आता भारताकडे. २०२३ मध्ये आपल्याकडे सुमारे २ लाख २७ हजार रुग्णांची नोंद झाली. २०१५ मध्ये हाच आकडा ११ लाखांच्या वर होता. २०२४ मध्ये भारत जास्त भाराच्या देशांच्या गटातून बाहेर पडला. २०२७ पर्यंत स्थानिक रुग्ण शून्य आणि २०३० पर्यंत निर्मूलन, असे सरकारचे उद्दिष्ट आहे. घट खरी आहे, ती आशा कार्यकर्त्यांच्या पायपिटीतून आलेली आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेचा भारतासाठीचा अंदाज नोंदलेल्या आकड्याच्या कितीतरी पट, २० लाखांच्या आसपास आहे. अंदाज चुकीचा असेल, नोंद अपुरी असेल, बहुधा दोन्ही थोडे-थोडे असेल. मला भीती वाटते ती शून्याच्या तारखेची. जिल्ह्याचे कौतुक रुग्ण किती कमी झाले यावर होणार असेल, तर सर्वांत सोपा उपाय रक्तनमुने कमी घेणे हा आहे. कौतुक रक्त किती जणांचे तपासले आणि रुग्ण सापडल्यावर किती दिवसांत पथक पोहोचले, यावर व्हावे. ज्या तालुक्याने यंदा जास्त रुग्ण शोधले त्याच्या अधिकाऱ्याला नोटीस न जाता शाबासकी गेली पाहिजे.

ओडिशाचा अनुभव जवळचा आहे. २०१६ मध्ये तिथे ४ लाख ४० हजारांवर रुग्ण होते. २०१७ पासून 'दमन' मोहिमेत डोंगराळ, दुर्गम पाड्यांवर शिबिरे घेऊन ताप असो-नसो सगळ्यांचे रक्त तपासले, मच्छरदाण्या वाटल्या. २०१९ पर्यंत आकडा ४० हजारांच्या खाली आला. इतक्या कमी काळात एवढी घट क्वचितच कुठे झाली असेल. मग कोविडमध्ये शिबिरांत खंड पडला. रुग्ण आणखी थोडे कमी झाले आणि नंतर चढू लागले, २०२४ मध्ये पुन्हा ६० हजारांच्या वर. कारणे एकाहून जास्त आहेत, पण खंड हे त्यांतले एक.

महाराष्ट्रातल्या हिवतापाचा मोठा वाटा गडचिरोली आणि मुंबई या दोन टोकांना आहे. भामरागड-एटापल्लीच्या जंगलात छत्तीसगडची सीमा नकाशावरच असते, माणसे आणि परजीवी दोन्हीकडे सारखेच फिरतात. त्यामुळे एका राज्याने एकट्याने शून्य गाठण्याला अर्थ नाही, फवारणीचे वेळापत्रक तरी दोघांनी मिळून ठरवावे. मुंबईत २०१० साली ७० हजारांहून जास्त रुग्ण झाले तेव्हा बांधकामांच्या जागा, साचलेले पाणी आणि मजुरांच्या वस्त्यांवर पालिकेची पथके फिरू लागली आणि आकडा उतरला. ती पथके आता किती माणसांची आहेत, किती पदे रिकामी आहेत, हे दर पावसाळ्याआधी जाहीर व्हायला हवे. गडचिरोलीत रुग्ण कमी होतील तेव्हा जिल्हा हिवताप कार्यालयातली पदे 'काम उरले नाही' म्हणून दुसऱ्या योजनेकडे वळवण्याचा प्रस्ताव येईल. तो कोणत्या वर्षी येतो यावर विदर्भातल्या आमदारांनी नजर ठेवावी, आणि २०२७-२८ च्या अर्थसंकल्पात हिवताप कर्मचाऱ्यांच्या पगाराचे लेखाशीर्ष कायम आहे का, हा प्रश्न आतापासून तयार ठेवावा.